अक्काला गेलेली नोटीस

आपल्याच पायांनी कोर्टात जाऊन ‘माझ्याच्यानं देणं फिटत नाही, आता काय ते तुम्हीच करा’ असं सांगता येतं, हे मला चाळिशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं. कोर्ट म्हणजे दुसऱ्यानं आपल्याला खेचत नेण्याची जागा, एवढंच मी धरून चालले होते. बीडला गेले होते तीसुद्धा तक्रार करायला. एका फायनान्स कंपनीचा वसुलीवाला रोज सकाळी आमच्या दारात मोटारसायकल लावून बसायचा आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या नावानं हाका मारायचा. कुणीतरी सांगितलं, कोर्टात बायकांना फुकट वकील मिळतो. म्हणून पाटोद्याहून एसटी धरली. मांजरसुंब्याचा घाट उतरून पालीजवळ आलं की उजेडात धरणाचं पाणी दिसतं. एरवी मी खिडकीतून ते बघायची. त्या दिवशी पाली कधी मागे पडलं ते कळलं नाही.

वकीलबाई माझ्याहून लहान होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, “वसुलीवाल्याची तक्रार करू. तो चार दिवस यायचा थांबेल, पाचव्या दिवशी दुसरा येईल. खरं सांगा, हे देणं तुमच्याकडून कधी फिटणार आहे का?”

मला कुणी हे असं विचारलंच नव्हतं. सगळे ‘कधी देता’ एवढंच विचारायचे. मी म्हणाले, “नाही.”

“मग नादारीचा अर्ज करा.”

इथं थोडं मागचं सांगायला हवं. पाटोद्यात माझा शाळेच्या गणवेशांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे बाजाराच्या मागच्या गल्लीत पत्र्याचा एक लांबट हॉल, आठ शिलाई मशिनी, कापड बेतायचं एक टेबल आणि खांबाला टांगलेला रेडिओ. आमचे हे एका विनाअनुदानित शाळेवर शिक्षक. उद्या अनुदान येईल, परवा येईल, या आशेवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे घर माझ्या शिलाईवर चालायचं. सुरुवातीला ब्लाउज, मग एका शाळेचे गणवेश, मग आणखी दोन शाळा, असं करत वाढलं. बँकेचं कर्ज काढून काज करायची आणि इंटरलॉकची मशीन आणली. हाताखाली बायका ठेवल्या.

त्या बायकांतली सगळ्यात थोरली म्हणजे अक्का. गावापासून थोड्या अंतरावरच्या वस्तीवर राहायची. लग्न झाल्यापासून दर दिवाळीला नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. माझ्याकडं आली तेव्हा तिला मशीनवर बसायचंसुद्धा माहीत नव्हतं. पायाला कोयत्याचा जुना वण होता आणि पायडल मारताना ती जीभ दाताखाली धरायची. वर्षाच्या आत चांगलं शिवायला लागली. दुसऱ्या दिवाळीला मुकादम तोडीची आगाऊ उचल घेऊन वस्तीवर आला तेव्हा तिनं ती घेतली नाही. नवरा एकटा गेला, ही मुलीला घेऊन मागे राहिली. ही गोष्ट ती कुणाला सांगत नसे, पण मी लोकांना सांगायची. गणवेश घेणाऱ्या शाळेच्या बाईंना, बँकेच्या साहेबांना. ‘माझ्याकडं कामाला लागल्यापासून हिची ऊसतोड सुटली.’ मला त्याचा फार अभिमान होता.

मग लॉकडाऊन आलं. शाळाच बंद, तर गणवेश कोण घेणार? हप्ते मात्र सुटले नाहीत. आधी बँकेनं काही महिने थांबवले, मग व्याजासकट उभे राहिले. बँकेचा हप्ता भरायला फायनान्स कंपनीचं कर्ज काढलं. कापडाचा व्यापारी जालन्याचा. त्याची उधारी होती. शाळा उघडायच्या बातम्या यायला लागल्या तेव्हा तो म्हणाला, मागचं थोडं तरी द्या, मग नवीन माल देतो. माझ्या नावावर आता कुणी कर्ज देईना. हॉलवर मी बोलता बोलता हे बोलून गेले. अक्का काज करत होती. ती मान वर न करता म्हणाली, “आमच्या बायकांच्या गटातून मला भेटत्यात की चाळीस हजार. माझं तर काय काम न्हाई पैशाचं आत्ता. तुमी घ्या, हप्ता तुमी भरा.”

मी नको म्हणायला हवं होतं, असं आज म्हणणं सोपं आहे. तेव्हा मी म्हणाले, “अक्का, जूनमध्ये शाळा उघडल्या की पहिले तुमचे.” आणि घेतले.

जूनमध्ये शाळा उघडल्या. सगळ्यात मोठ्या शाळेनं गणवेशाचा रंग बदलला होता. माझ्याकडं चॉकलेटी चौकड्याचं कापड छतापर्यंत रचलेलं, आणि त्यांना निळं हवं होतं. निळ्याचं काम दुसऱ्यालाच दिलेलं. इतर दोन शाळांच्या कामावर बायकांची मजुरीसुद्धा निघेना. वर्षभर मी याची टोपी त्याच्या डोक्यावर करत राहिले. अक्काचे हप्ते काही भरले, काही राहिले. हॉल बंद झाला.

आता वकीलबाईंकडं परत येते.

त्यांनी मला समजावून सांगितलं ते असं. नादारीचा कायदा इंग्रजांच्या काळचा आहे. अर्ज आपण राहतो त्या जिल्ह्याच्या कोर्टात करायचा. त्यात कुणाकुणाचं किती देणं आहे ते त्यांच्या नावपत्त्यासह लिहायचं. आपल्याकडं काय काय आहे ते सगळं लिहायचं, अगदी भंगारात गेलेली मशीनसुद्धा, आणि ते सगळं कोर्टाच्या हवाली करायला तयार आहोत असं म्हणायचं. त्यावर शपथपत्र. मग प्रत्येक देणेकऱ्याला, म्हणजे ज्याचं आपण देणं लागतो त्याला, कोर्टाची नोटीस जाते. त्यांचं ऐकलं जातं, आपली तपासणी होते. कोर्टाला पटलं तर आपल्याला नादार ठरवतात. आपली मालमत्ता कोर्टानं नेमलेला माणूस, म्हणजे रिसीव्हर, ताब्यात घेतो, विकतो, आणि जे येईल ते सगळ्यांना त्यांच्या त्यांच्या येण्याच्या प्रमाणात वाटतो. पुढं काही काळानं, आपलं वागणं सरळ दिसलं, तर कोर्ट आपल्याला त्या जुन्या देण्यातून मोकळं करतं.

“घालायचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, मंगळसूत्र आणि पोट भरायचं हत्यार, हे सोडतात,” त्या म्हणाल्या. “तुमची एखादी साधी मशीन मागून घेऊ. घर कुणाच्या नावावर आहे?”

“सासऱ्यांच्या.”

“मग त्याला धक्का नाही. आता देणी सांगा. सगळी.”

मी बँक सांगितली, कंपनी सांगितली, व्यापारी, गावातली पतसंस्था, हॉलच्या मालकाचं थकलेलं भाडं सांगितलं. वकीलबाई लिहीत होत्या. मी थांबले तेव्हा त्यांनी वर बघितलं. “हातउसने? नातेवाईक? कामगार?”

मी अक्काचं सांगितलं. पण लगेच म्हणाले, “मॅडम, त्यांचं नाव नका घालू. त्यांचे मी बाहेरून देईन.”

“कशातून देणार? तुमचं आहे ते सगळं तुम्ही कोर्टाला देऊन टाकताय. आणि एकाला गुपचूप द्यायचं, बाकीच्यांना कोर्टाचा कागद दाखवायचा, असं चालत नाही. नाव गाळलं तर शपथपत्र खोटं होतं. शिवाय वाटणी होईल तेव्हा त्या बाईंना दमडी मिळणार नाही. घातलं तर थोडं तरी मिळेल.” मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, “मागच्या तीन-चार महिन्यांत कुणाला काही दिलंय का? तेही सांगावं लागतं.”

दिलं होतं. मी माझे सोन्याचे झुबे मोडले होते आणि ते सगळे पैसे त्या वसुलीवाल्याच्या हातावर ठेवले होते. त्या दिवशी त्यानं आमच्या यांच्या शाळेच्या फाटकात जाऊन, पोरं बाहेर पडत असताना, ‘बायकोला पैसे भरायला सांगा, गुरुजी’ म्हणून ओरडा केला होता. मला सहन झालं नाही.

“आणि या अक्कांना?”

“त्यांनी मागितले नाहीत,” मी म्हणाले.

वकीलबाईंनी तेही लिहून घेतलं. पण माझं वाक्य माझ्याच कानात राहिलं. जो ओरडला त्याला झुबे मोडून दिले, आणि जी गप्प बसली तिला काहीच दिलं नाही. परतीच्या एसटीत घाट चढेपर्यंत मी दुसरा कसलाच विचार केला नाही.

घरी आमच्या यांना सांगितलं तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, “आम्ही शिकत होतो तेव्हा गरिबाच्या पोराची फी माफ व्हायची, त्याला नादारी म्हणायचे. माझी होती. सर वर्गात नाव वाचायचे तेव्हा उभं राहावं लागायचं.” कप पुन्हा उचलत म्हणाले, “कर अर्ज. उभं राहायची मला सवय आहे.”

कागद जमवण्यात बरेच दिवस गेले. बँकेचे उतारे, कंपनीचे करारनामे, व्यापाऱ्याची बिलं. मी ते घेऊन बीडला जायची, वकीलबाई त्यातलं काहीतरी कमी काढायच्या, मी परत यायची. त्या दिवसांत अक्काकडं जाऊन तिला सांगायचं मी रोज ठरवत होते. वस्ती काही लांब नव्हती. भाजीला निघालेली बाई जाऊन येईल. पण जायचं म्हटलं की वाटायचं, काय सांगू? नादार म्हणजे काय, ते मलाच नीट सांगता येत नव्हतं. आज नको, अर्ज दाखल झाला की सांगू. अर्ज दाखल झाला. मग वाटलं, तारीख पडू दे. नोटीस जायला महिने लागतात, असं कुणीतरी म्हणालं होतं आणि मी ते सोयीस्करपणे खरं मानलं.

एका दुपारी मी धान्य निवडत होते. अक्का दारात उभी. अंगावर बाहेर जायचं लुगडं, हातात प्लास्टिकची पिशवी. रेशनकार्ड, आधारकार्ड असं महत्त्वाचं सगळं ती त्या पिशवीत ठेवायची, हे मला माहीत होतं.

“या, अक्का,” मी म्हणाले.

ती आत आली, पण बसली नाही. पिशवीतून तिनं एक कागद काढला. “पोस्टमननं सही घेतली माझी. म्हनला, कोर्टाचं हाय. मालकानं इचारलं, काय केलंस तू? मी म्हनलं, मी काय केलं? कुनाच्या ध्याना-मनात न्हाई. परवापासून अन्न गोड लागंना, ताई. गटाचे दोन हप्ते थकलेत, त्येच्यापायी धरून नेत्यात का मला?”

कागदावर माझं नाव वर छापलेलं होतं. तिला वाचता येत असतं तर ती माझ्याकडं आलीच नसती. ती माझ्याकडं आली होती ती, माझ्यापासून कसं वाचायचं ते विचारायला.

मी तिला खाली बसवलं. पाणी दिलं. आणि सांगितलं की अक्का, तुमच्यावर काही नाही. तुम्ही काही केलेलं नाही. मी केलंय. मी कोर्टाला लिहून दिलंय की मी लोकांचे पैसे देऊ शकत नाही. ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांना असा कागद गेलाय. तुमचं येणं आहे, म्हणून तुम्हाला आला.

तिनं ते नीट ऐकलं. मग विचारलं, “मंग आता माझे पैशे?”

“माझ्या मशिनी विकतील. त्यातून सगळ्यांना थोडं थोडं मिळेल.”

“थोडं म्हंजी?”

“फार नाही मिळणार, अक्का.”

“आन उरल्यालं?”

मी निवडायचं धान्य बाजूला सारलं. तिला उत्तर कळलं. ती म्हणाली, “बँकेला बी हाच कागद गेला का?”

“हो.”

“असाच?”

“असाच.”

ती उठली. कागदाची घडी जशी होती तशीच घालून पिशवीत ठेवली. मी चहा टाकते म्हणाले. “नगं,” म्हणाली. जाताना उंबऱ्याशी थांबून म्हणाली, “पोस्टमनच्या आदी तुमी आला असता तर बरं झालं असतं.” तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

सुनावणीला ती येईल असं मला वाटलं नव्हतं. यायची सक्ती नव्हती. पण आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात पोहोचलो तेव्हा ती बाकावर बसलेली होती, नवऱ्याशिवाय, एकटी. पाटोद्याहून ती आणि मी एकाच एसटीतून आलो होतो की काय, मला आजही माहीत नाही. मी पुढच्या सीटवर बसले होते. मागे वळून बघितलं नव्हतं.

कोर्टात मला पिंजऱ्यात उभं केलं. कंपनीच्या वकिलानं विचारलं, लॉकडाऊनमध्ये तुम्ही दागिने केले का, कुठं जमीन घेतली का, नवऱ्याच्या नावावर पैसे वळवले का. मी नाही नाही म्हणत गेले. झुब्यांचं सांगितलं तेव्हा तो जरा थांबला, कारण ते त्याच्याच कंपनीला मिळालेले होते. मी ठरवून आले होते की खाली बघायचं नाही, पण प्रत्येक प्रश्नाला माझी मान खालीच जात होती. खरं बोलत असतानासुद्धा.

बँकेनं सांगितलं, इंटरलॉक आणि काजाची मशीन आमच्याकडं तारण आहे, ती आम्हाला मिळावी. मग न्यायाधीशांनी विचारलं, आणखी कुणी हजर आहे का?

अक्का उठली. शिपायानं तिला पुढं यायला सांगितलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

“काय म्हणायचंय तुम्हाला?” न्यायाधीशांनी विचारलं. बोलणं सौम्य होतं.

“साहेब, मी गटातून कर्ज काढलं. आंगठा न्हाई, सही केली. पैशे ह्या मॅडमला दिले.”

मला ती नेहमी ताई म्हणायची.

“यांना तुमचं देणं मान्य आहे. त्यांनी लिहून दिलंय,” न्यायाधीश म्हणाले.

“व्हय. लिव्हलंय म्हनं. त्येचं न्हाई मी म्हनत.” ती थोडी अडखळली. “ह्यांचं तुमी माफ करनार हाव. मंग माझं बी करा. ह्यांचं देनं आन माझं देनं, पैशे तर तेच हायत, साहेब.”

टंकलेखक हात वर धरून थांबला होता. न्यायाधीशांनी चष्मा काढला, आणि मग तिला समजेल असं बोलायचा प्रयत्न केला. तुमचं गटाचं कर्ज या कोर्टापुढं नाही. ते तुमच्या नावावर आहे. यांचा अर्ज वेगळा. तुमचं येणं तुम्ही इथं नोंदवा, वाटणीत येईल ते मिळेल. तुमच्यासाठीही इथं फुकट वकील आहे, त्यांना भेटा.

“बरं,” अक्का म्हणाली. जशी उठली होती तशीच जाऊन बसली.

वकीलबाई नंतर मला म्हणाल्या की तिला कुणी पढवून पाठवलेलं नव्हतं, हे उघड होतं, आणि न्यायाधीशांनाही ते कळलं. मला ते वेगळ्यानं सांगायची गरज नव्हती.

दोन-तीन तारखांनंतर हुकूम झाला. मला नादार ठरवलं. वर्तमानपत्रात चौकटीत जाहीर नोटीस आली, यांच्या शाळेत ती कुणीतरी टेबलावर उघडून ठेवली होती. आमच्या भाऊबंदांपैकी एक जण घरी येऊन म्हणाले, “सुनबाई, आपल्या घराण्यात कुणी दिवाळं काढलं नव्हतं.” मी ऐकून घेतलं. नादार माणसाला निवडणूक लढवता येत नाही असंही ते म्हणाले, जसं काही मी नगराध्यक्ष होणार होते.

आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. वसुलीवाला यायचा बंद झाला. आता कुणाला काही मागायचं तर कोर्टाच्या माणसाकडं जावं लागत होतं. गल्लीत मोटारसायकल थांबली की मी मागच्या खोलीत जायची, ते हळूहळू थांबलं. मी जेवायला लागले. आरशात बघितलं तर चेहराही भरलेला दिसला. त्या भरलेल्या चेहऱ्याची मला लाज वाटायची.

कारण माझ्या दारातली मोटारसायकल आता अक्काच्या दारात उभी होती. माझ्याकडची दुसरी एक बाई, तीही त्याच गटातली, तिनं मला सांगितलं. गटात एकीनं हप्ता चुकवला की बाकीच्यांनी भरायचा असतो. त्या बायका पहिले एक-दोन हप्ते गोळा करून भरत राहिल्या, मग चिडल्या.

मी गेले. या वेळी गेले. अक्काच्या ओट्यावर सात-आठ बायका बसल्या होत्या आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर गटाला कर्ज देणाऱ्या कंपनीचा एक कोवळा पोरगा, मांडीवर टॅब घेऊन. अक्का चौकटीला टेकून उभी. मी सगळ्यांसमोर म्हणाले, “हे पैसे अक्कांनी नाही वापरले. मी वापरलेत. त्यांना बोलू नका, मला बोला.”

एक म्हातारीशी बाई म्हणाली, “मंग दे की बाई. आमाला बोलायची हौस हाय व्हय?”

माझ्याजवळ द्यायला काही नव्हतं. मशिनी रिसीव्हरच्या कुलुपात होत्या. मी बोलायला गेले होते आणि माझ्या बोलण्याचा कुणाला उपयोग नव्हता. अक्का मला म्हणाली, “जावा तुमी. उगं कशाला आला?” ते तिनं माझी दया येऊन म्हटलं की मला घालवून द्यायला, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

त्या दिवाळीला तिनं मुकादमाकडून उचल घेतली. गटाचं बाकी राहिलेलं सगळं फेडलं, आणि नवऱ्याबरोबर कर्नाटकात ऊसतोडीला गेली. मुलीला उमापूरला बहिणीकडं ठेवलं; तिची शाळा बदलली. वस्तीवरून ट्रॅक्टर निघतात तो रस्ता आमच्या घरामागून जातो. ट्रॉलीत भांडी, सरपण, बाजा, पोरं, वर बांधलेली शेळी. मी गच्चीवर वाळवण आवरत होते. कोणत्या ट्रॉलीत ती होती ते मला दिसलं नाही. मी सगळ्याच ट्रॉल्या जाईपर्यंत उभी राहिले. ‘हिची ऊसतोड सुटली’ हे मी किती जणांना सांगितलं होतं, ते एकेक आठवत होतं.

मशिनींचा लिलाव झाला. चॉकलेटी चौकड्याचं कापड एका गादीवाल्यानं वजनावर नेलं. वाटणीत अक्काच्या वाट्याला जे आलं ते एवढं कमी होतं की ते घ्यायला बीडला दोन खेपा केल्या असत्या तर भाड्यातच गेलं असतं. वकीलबाईंनी ते तिच्या खात्यात जमा होईल असं बघितलं. मला एक साधी पायडलची मशीन ठेवू दिली होती. ती मी घरात पुढच्या खोलीत मांडली आणि पुन्हा ब्लाउजवर आले, जिथून सुरुवात केली होती तिथं.

पुढं मोकळं करायचा अर्ज केला. कोर्टानं सगळं तपासलं, रिसीव्हरचा अहवाल बघितला, आणि मला जुन्या देण्यातून मोकळं केलं. वकीलबाईंनी हात जोडून अभिनंदन केलं. मी विचारलं, “आता मी स्वतःच्या कमाईतून कुणाला काही दिलं तर चालेल?”

“आता तुमच्यावर कायद्यानं काहीच बंधन नाही. द्यायचंही नाही आणि न द्यायचंही नाही,” त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मी अक्काला थोडे थोडे पैसे देते. बँकेला देत नाही, कंपनीला देत नाही, व्यापाऱ्याला देत नाही; त्यांनी त्यांचं बुडीत खाती टाकलं असेल, आणि त्यांच्याबद्दल मला झोप उडण्याइतकं वाईट वाटत नाही. ते योग्य की अयोग्य, मला माहीत नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा अक्का नुकतीच तोडीवरून आली होती, काळवंडलेली, हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे. मी पैसे पुढं केले. तिनं विचारलं, “कोर्टानं तर सोडलं म्हन्त्यात तुमाला. मंग कावून आनले?”

“घ्या,” मी म्हणाले. तिनं घेतले. या बसा म्हणाली नाही.

असं दोनेक वर्षं चाललंय. अजून सगळे फिटलेले नाहीत. ती दर दिवाळीला जाते. उचल घेतली की ती फेडायला पुन्हा जावं लागतं, त्याला माझे महिन्याचे पैसे पुरत नाहीत. मुलगी बारावी झाली, पुढं शिकायचं म्हणते आहे, हे मला गावातून कळलं, अक्काकडून नाही.

मागच्या उन्हाळ्यात ती माझ्या दारात आली. पिशवीत ब्लाउजपीस होतं, मोरपंखी. मुलीच्या मामाचं लग्न होतं. “तुमच्याकडं माप हाय ना तिचं?” म्हणाली. माप होतं, पण मुलगी आता वाढली असणार. मी म्हणाले, “पाठवून द्या तिला.” मुलगी आली, माप देऊन गेली. मी तो ब्लाउज दोन दिवसांत शिवला, बाहीला पायपिंग लावलं, आत शिवणीत वाढवायला जागा ठेवली.

अक्का न्यायला आली. उलटसुलट करून बघितला. चांगला झाला, असं काही म्हणाली नाही, पण शिवणीवरून बोट फिरवलं.

“शिलाई किती?” तिनं विचारलं.

“अक्का, असू द्या.”

“किती?”

“मी तुमचं देणं लागते. शिलाई कसली घेऊ?”

“ते येगळं, हे येगळं,” ती म्हणाली, आणि गल्लीत चाललेल्या दरानं नेमके पैसे मशीनच्या फळीवर ठेवले. तिला दर माहीत होता. विचारलं होतं ते उगीच.

ती गेल्यावर मी ते पैसे तसेच राहू द्यावेत, असं ठरवलं. पण संध्याकाळी गॅस संपला होता. मी ते उचलले आणि सिलिंडरला घातले.